अश्व, लगाम आणि अहिंसाणुव्रत

तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन अश्व आहे. मूर्तीच्या पादपीठावर कोरलेल्या त्या अश्वाचे दर्शन श्रावकाला नित्य घडते. परंतु माथेरानच्या लाल मातीच्या वाटेवर मुलांना पाठीवर घेऊन चालणारा किंवा वरघोड्यात वाद्यांच्या गजरात रथ ओढणारा जिवंत अश्व मात्र बहुधा दृष्टीआड राहतो. या पंचेंद्रिय जीवाला कसे शिकवले, त्याच्या तोंडात कोणता लगाम आहे, त्याला केव्हा पाणी मिळाले, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

अश्व हा मूळचा मोकळ्या माळरानावर कळपाने राहणारा प्राणी. संकटाची चाहूल लागताच पळणे हेच त्याचे संरक्षण. डोळे बाजूंना असल्याने त्याला सभोवतालचे जवळजवळ ३५० अंशांचे दृश्य दिसते. मात्र कपाळाच्या अगदी पुढचा आणि शेपटीमागचा थोडा भाग दिसत नाही. म्हणून मागून अवचित आलेला हात त्याला शत्रूचा वाटतो. अडणाऱ्या किंवा लाथ झाडणाऱ्या घोड्याला लोक द्वाड म्हणतात. पुष्कळदा तो केवळ भ्यालेला असतो, अथवा त्याच्या पाठीत, दातांत किंवा खुरात वेदना असते.

अशा भित्र्या जीवाला मारून, उपाशी ठेवून, दोरांनी जखडून त्याचा प्रतिकार मोडण्याची रीत जगात सर्वत्र होती. तिला विरोधही तितकाच जुना आहे. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीक सेनानी झेनोफोन याने आपल्या अश्वविद्येच्या ग्रंथात, घोड्याजवळ रागाच्या भरात कधीही जाऊ नये, असे बजावले आहे. विसाव्या शतकात अमेरिकेत टॉम डॉरन्स आणि रे हंट या अश्वशिक्षकांनी हाच सौम्य मार्ग पुन्हा रूढ केला.

या मार्गाचे मर्म साधे आहे. स्वार पायाने किंवा लगामाने हलकासा दाब देतो आणि घोड्याने योग्य दिशेने थोडीशी जरी हालचाल केली, तरी तो दाब तत्क्षणी सोडतो. घोडा शिकतो तो दाबातून नव्हे, त्याच्या सुटण्यातून. हात वेळेवर सैल झाला नाही, तर घोडा गोंधळतो आणि पुढे बधिर होतो. कान सैल पडणे, मान खाली येणे, श्वास संथ होणे ही त्याच्या स्वस्थतेची चिन्हे. ती दिसेपर्यंत शिक्षकाने थांबायचे असते. म्हणजे संयमाचा पहिला पाठ माणसालाच गिरवावा लागतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. अश्वपालनाची याहून नेमकी कसोटी सापडणे कठीण. अगाडी-पिछाडीने दिवसभर एका जागी जखडणे हा बंध. कळपप्रिय अश्वाला फिरण्यास जागा आणि सोबतीला दुसरा घोडा हवा. चाबकाचा प्रहार हा वध. काटेरी लगामाने तोंड फाटणे, तंगाखाली कातडी सोलवटणे हा छेद; खोगीर घालण्यापूर्वी खरारा करताना पाठीवरून हात फिरवला, तर अशी जखम वेळीच ध्यानात येते. लहान चणीच्या तट्टावर धिप्पाड स्वार बसणे हे अतिभारारोपण.

अन्नपाननिरोधाचे महत्त्व तर शरीरशास्त्रानेही पटते. अश्वाचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल अखंड पाझरत असते. मोकळा अश्व दिवसातील बहुतेक वेळ चरतच असतो. दीर्घकाळ उपाशी ठेवून एकदम भरपूर चंदी दिल्यास पोटशूळ उठू शकतो आणि अश्वाला उलटी होत नसल्याने तो प्राणावरही बेततो. म्हणून त्याला थोडीथोडी वैरण वारंवार आणि स्वच्छ पाणी सदैव हवे.

कायदाही याच दिशेने बोलतो. ओझे वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केलेल्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामास बंदी घातली आहे. दिवसाला नऊ तासांहून अधिक, किंवा विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांवर गेल्यास दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर जुंपता येत नाही.

वरघोड्याची आखणी करताना संघाने एवढे तरी पाहावे: वेळ सकाळची ठरवावी, रथाचे घोडे आधी स्वतः पाहावेत, लगाम तपासावा, वाटेत सावली आणि पाणी ठेवावे, फटाके टाळावेत. सहलीला गेलेल्या कुटुंबाने लंगडणारा किंवा पाठीवर जखम असलेला घोडा नाकारावा आणि निरोगी घोडा राखणाऱ्या मालकाकडे दोन पैसे अधिक देऊन जावे. घोडेवाल्याचा संसार त्या जनावरावरच चालतो. त्याला दूषण देण्यापेक्षा चांगल्या निगेचे मोल देणे अधिक उपकारक ठरते.

उत्तराध्ययनसूत्रातील केशी-गौतम संवादात मनाला उधळलेल्या अश्वाची उपमा दिली आहे. ज्याने आपला क्रोध आवरला, त्याच्या हातातील लगाम आपोआप हलका होतो. आणि तो हलकेपणा सर्वांत आधी घोड्यालाच कळतो.