ॲलन मूर वाचायचाय? सुरुवात कुठून कराल?

"मामा, 'वॉचमेन' सिनेमा पाहिलाय मी. आता पुस्तक कशाला वाचू?" भाच्याचा प्रश्न.

कारण त्यातली अर्धी गंमत चौकटींच्या मांडणीत आहे, आणि ती पडद्यावर येत नाही.

'वॉचमेन' हे कॉमिक 1986-87 मध्ये 12 अंकांत आलं. लेखन मूरचं, चित्रं डेव्ह गिबन्सची. बहुतेक पानं नऊ सारख्या चौकटींवर बेतलेली. पाचवा अंक तर आरशासारखा आहे: पहिल्या पानाची रचना शेवटच्या पानावर उलटते, दुसऱ्याची शेवटून दुसऱ्यावर, असं करत मधल्या जोडपानापर्यंत. मला हे दुसऱ्या वाचनात कळलं. मग पानं मागेपुढे करत बसलो!

मूर स्वतः चित्रं कशी हवीत ते भयंकर तपशिलात लिहायचा. एकेका चौकटीसाठी परिच्छेदच्या परिच्छेद.

पण श्रेय चित्रकारांनाही द्या. मूरच्याच 'व्ही फॉर व्हेंडेटा'मधला तो प्रसिद्ध गाय फॉक्स मुखवटा डेव्हिड लॉइडची कल्पना. विचारांचे फुगे आणि 'धडाम'छाप आवाज नकोत, हा आग्रहही त्याचाच.

मूरचंच 'फ्रॉम हेल' (चित्रं एडी कॅम्बेल) 1888 च्या लंडनमधल्या जॅक द रिपर खुनांवर आहे. कृष्णधवल, रक्तरंजित. मुलांच्या हाती देऊ नका. मागच्या टिपा मात्र वाचाच.

सिनेमांशी मूरचं जमलं नाही. 'वॉचमेन'च्या 2009 च्या चित्रपटात त्याचं नावसुद्धा नाही, त्याच्याच इच्छेने.

माझं मत: आधी 'व्ही', मग 'वॉचमेन'. तुम्ही काय वाचलंय? काही अडलं तर खुशाल विचारा.