कूलरची ताटी : निवड, परीक्षण व बदल

वऱ्हाडातील उन्हाळा हा कोरडा उन्हाळा होय, आणि या एकाच गुणावर येथील घराघरांतील कूलरचे यश अवलंबून आहे. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे बडनेरा व वर्धा यांच्या दरम्यानचे, मुंबई-हावडा लोहमार्गावरील कापसाच्या बाजारपेठेचे गाव उदाहरणादाखल घेऊ. एप्रिल-मे महिन्यांत येथे दुपारचे तापमान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते, परंतु त्याच वेळी हवेची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा २० टक्के किंवा त्याहूनही कमी असते. अशा हवेत पाणी त्वरेने बाष्परूप होते आणि त्यासाठी लागणारी सुप्त उष्णता ते हवेतूनच घेते. पत्र्याची पेटी, एक पंखा, एक लहान पंप आणि तीन बाजूंच्या ओल्या ताट्या एवढ्या सामग्रीवर चालणाऱ्या या यंत्राचे खरे कार्यस्थान पंखा नसून ताटी आहे. तथापि खरेदीच्या वेळी पंख्याचा व्यास व टाकीचे आकारमान यांचीच चौकशी अधिक होते, आणि ताटी मात्र 'मागच्या वर्षीचीच चालेल' या भरवशावर सोडून दिली जाते. प्रस्तुत लेखात ताटीची निवड कशी करावी, तिचे परीक्षण कसे करावे व ती केव्हा बदलावी, या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम तत्त्व पाहू. साध्या तापमापकाने मिळते ते शुष्क तापमान आणि ज्याच्या गोलकावर ओले मलमल गुंडाळून वाऱ्यात धरले आहे अशा तापमापकाने मिळते ते आर्द्र तापमान होय. बाष्पीभवनाने हवा आर्द्र तापमानाच्या खाली नेता येत नाही. ताटी कितीही उत्तम असली तरी ही मर्यादा निसर्गाने घातलेली आहे. शुष्क व आर्द्र तापमानांतील अंतरापैकी जितका भाग ताटी प्रत्यक्षात कापते तितकी तिची कार्यक्षमता. मे महिन्यातील ४३ अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी आर्द्र तापमान सुमारे २४ अंश येते. म्हणजे उपलब्ध अंतर १९ अंशांचे. ८० टक्के कार्यक्षमतेची ताटी त्यातील १५ अंश कापून सुमारे २८ अंशांची हवा खोलीत सोडते. आता मृगाचा पाऊस पडून गेल्यानंतरची दुपार घ्या : तापमान ३६ अंश, आर्द्रता ६० टक्के. येथे आर्द्र तापमानच २९ अंश आहे; अंतर अवघे सात अंशांचे. तीच ताटी, तीच कार्यक्षमता. परंतु हवा जेमतेम साडेपाच अंशांनी उतरते व वर ती जवळजवळ संपृक्त होऊन येते. नवतपात सुख देणारा कूलर जूनच्या उत्तरार्धात चिकचिकाट का करतो याचे कारण यंत्राच्या बिघाडात नसून हवेत आहे. त्या वेळी ताटी बदलणे हा व्यर्थ खर्च होय.

याच तत्त्वातून दुसरी गोष्ट निष्पन्न होते. कूलरने आणलेली ओली हवा खोलीबाहेर जाण्यास वाट हवी. दारे-खिडक्या बंद ठेवल्यास तीच हवा पुनःपुन्हा ओली होत जाते व घाम वाळण्याची क्रिया मंदावते. कूलर बाहेरची ताजी हवा ओढील आणि समोरची खिडकी उघडी राहील, अशीच योजना असावी.

आता ताट्यांचे प्रकार. सर्वांत जुनी ती वाळ्याची. वाळा हे गवत आहे व ताटीत वापरली जातात ती त्याची मुळे. मोगलकाळापासून उत्तरेत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून दालने थंड राखीत असत. आजच्या कूलरने त्यात पंखा व पंप यांची भर घातली, एवढेच. वाळ्याचा सुगंध ही त्याची खरी मोहिनी. परंतु हा सुगंध मुळांतील बाष्पनशील तेलाचा असून वारंवार भिजण्याने तो उतरत जातो, आणि सुगंधाचा थंडाव्याशी भौतिक संबंध काही नाही. मुळे टिकाऊ असतात. मात्र ताटी हाताने भरलेली असल्याने कोठे दाट, कोठे विरळ अशी राहते व विरळ जागेतून हवा न भिजताच आत शिरते.

दुसरा प्रकार 'वूड-वूल' या नावाने विकल्या जाणाऱ्या लाकडाच्या बारीक किसाचा. हा स्वस्त आहे, नवा असताना पाणी उत्तम शोषतो आणि पत्र्याच्या जुन्या पेट्यांत सहज बसतो. दोष असा की भिजून-भिजून तो खाली दबतो व ताटीच्या वरच्या भागात रिकामी फट पडते. पाण्याप्रमाणेच हवाही कमी अडथळ्याचा मार्ग धरते. हातभर उंचीच्या ताटीत चार बोटांची फट पडली, तरी त्या वाटेने पुष्कळ उष्ण हवा आत येते. म्हणून हा प्रकार वापरणाऱ्याने तो प्रत्येक मोसमाच्या आरंभी नवा भरावा, आणि मोसमाच्या मध्यावर वरून हात फिरवून फट पडली आहे काय हे पाहावे.

तिसरा प्रकार मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या, प्रक्रिया केलेल्या नागमोडी कागदाच्या थरांचा. यात पृष्ठभाग मोजून-मापून दिलेला असतो. एका घनमीटरात तो साधारणतः ३५० ते ४५० चौरस मीटर भरतो. सुमारे १०० मिलिमीटर जाडीच्या अशा ताटीतून हवा सेकंदाला एक ते दीड मीटर वेगाने गेल्यास ७५ ते ८५ टक्के कार्यक्षमता मिळू शकते. किंमत अधिक असली तरी पाणी बरे असल्यास ही ताटी अनेक मोसम चालते. 'पाणी बरे असल्यास' ही अट मात्र वऱ्हाडात महत्त्वाची आहे.

बाष्प होते ते केवळ पाणी. त्यात विरघळलेले क्षार मागेच राहतात. तासाला दीड हजार घनमीटर हवा फेकणारा कूलर वर दिलेल्या मे महिन्यातील स्थितीत तासाला सुमारे १० लिटर पाणी खर्च करतो. तो दहा तास चालला तर १०० लिटर. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे मानल्यास दिवसाकाठी ६० ग्रॅम आणि नव्वद दिवसांच्या मोसमात पाच किलोंहून अधिक क्षार ताटीत व टाकीत जमा होतील. अकोला व अमरावती जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात हा हिशेब याहून वाईट ठरेल. कागदी ताटीच्या अरुंद वाहिन्यांत हा थर बसला की तो खरवडताना ताटीच फाटते. तेव्हा खारट पाण्याच्या गावी दरवर्षी बदलता येणारा स्वस्त कीस हीच विचारपूर्वक केलेली निवड ठरू शकते. महाग ते उत्तम, हा नियम येथे लागू पडत नाही.

क्षारांवर उपाय टाकी रिकामी करण्याचा. साठ लिटरची टाकी नुसती भरत राहिल्यास एका दिवसात तिच्यातील क्षारांचे प्रमाण मूळच्या पावणेतीनपट आणि ताटीवर काही बसले नाही असे धरले तर आठवड्यात सुमारे तेरापट होते. दर दोन-तीन दिवसांनी टाकी उपसून ते पाणी क्षार सोसणाऱ्या झाडांना द्यावे. ज्या गावांत उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही तेथे हा सल्ला जड वाटेल. परंतु न उपसलेली टाकी ताटी खाते, हेही खरे. शिवाय डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्थिर पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठवडा ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण कोरडी करावी आणि तिच्या भिंती घासाव्यात, कारण पाण्याच्या रेषेवर चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात.

ताटी बदलण्याची वेळ कशी ओळखावी, हा मुख्य प्रश्न. बहुधा लोक बाहेर येणाऱ्या हवेचा गारवा हाताने पाहतात. ही परीक्षा फसवी आहे. क्षारांनी व धुळीने ताटी बुजली म्हणजे हवा सावकाश जाते. सावकाश जाणारी हवा अधिक भिजते, आणि म्हणून ती नव्या ताटीच्या हवेइतकीच, प्रसंगी अधिकही गार लागते. परंतु तिचे प्रमाणच घटलेले असल्याने खोली तापलेलीच राहते. थंडावा म्हणजे हवेचे प्रमाण व तापमानातील उतार यांचा गुणाकार होय; केवळ एका गुणकावरून निर्णय करता येत नाही.

या गुणाकाराचे मोजमाप घरच्या घरी होऊ शकते, कारण खर्च झालेले पाणी हेच थंडाव्याचे माप आहे. तासाला एक लिटर बाष्पीभवन म्हणजे सुमारे ०.६७ किलोवॅट. ताट्या पूर्ण भिजल्यावर टाकीत येणारे पाणी बंद करावे, पट्टीने पातळी मोजावी आणि तासाभराने पुन्हा मोजावी. साठ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या टाकीत एक सेंटिमीटर उतार म्हणजे ३.६ लिटर. गळती नाही याची खात्री करून, मिळालेल्या लिटरच्या आकड्याला त्या वेळच्या शुष्क व आर्द्र तापमानांतील अंतराने भागावे, म्हणजे हवामानातील फरक वगळला जातो. नव्या ताटीचा हा भागाकार मोसमाच्या आरंभी लिहून ठेवावा. पंख्याची गती दर वेळी तीच असावी. पुढे हा आकडा मूळच्या दोन-तृतीयांशांवर आला की ताटीकडे लक्ष देण्याची वेळ आली, असे व्यवहारासाठी मानावयास हरकत नाही.

त्याच वेळी कार्यक्षमताही काढावी. बाहेर ४२, आर्द्र २४ आणि कूलरच्या तोंडाशी २९ अंश असल्यास १८ पैकी १३, म्हणजे ७२ टक्के. दोन्ही आकडे घटले असतील तर पाणी ताटीवर नीट पसरत नाही किंवा ताटीत फट आहे : आधी वरच्या पन्हाळीची छिद्रे मोकळी करावीत. कार्यक्षमता कायम असून पाण्याचा खर्च घटला असेल तर, पंखा ठीक असल्यास, ताटी बुजली आहे : ती बदलावी. दोन्ही आकडे कायम असतील तर ताटी जुनी दिसली तरी ती टाकून देण्याचे कारण नाही.

ताटीला गाळणी समजण्याचा प्रघातही तपासून पाहिला पाहिजे. जिनिंगच्या दिवसांत उडणारे कापसाचे तंतू व जाड धूळ ओली ताटी अडविते. अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कण मात्र तिच्यातून पुष्कळ अंशी निसटतात. वातानुकूलन यंत्रातील जाळीही मुख्यतः आतील नळ्यांच्या रक्षणासाठी असते. ती दर पंधरवड्याला धुवावी. तिच्यावर अधिक दाट गाळणी बसविल्यास हवेचा प्रवाह घटतो व यंत्राची शक्ती वाया जाते. दम्याच्या रुग्णासाठी सूक्ष्म कण अडविणारी स्वतंत्र गाळणी, ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरणारी, हाच योग्य मार्ग होय.

शेवटी एक इशारा. पत्र्याची पेटी, पाणी आणि वीज एकत्र आलेली असल्याने ताटीला हात लावण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढलाच पाहिजे. भूसंपर्कन तपासलेले असावे व तीस मिलिअँपिअरवर तुटणारा संरक्षक खटका बसविलेला असावा. उष्माघातापासून वाचविणारे यंत्र विजेच्या धक्क्याचे कारण होऊ नये. पट्टी, दोन तापमापक आणि एक वही एवढ्या साधनांनी ताटीचा निर्णय अंदाजावरून मोजमापावर येतो; आणि पाणी व पैसा दोन्ही तुटपुंजे असलेल्या घराला त्याचा उपयोग सर्वांत अधिक आहे.