शहर पोलिसांची भरती आणि चौदा-एफ

आपल्या हैदराबादेत नोकरभरतीच्या इतिहासाचा विषय निघाला की गाडी ‘मुल्की’वर येते आणि तिथंच थांबते. १९१९ च्या निजामी नियमांप्रमाणे जन्मानं किंवा पंधरा वर्षांच्या रहिवासानं माणूस मुल्की ठरायचा, मग तो वरंगळचा असो की परभणीचा. ते आपल्याला पाठ आहे. मला जास्त नवल वाटतं ते पुढच्या एका पोटकलमाचं.

१९७३ चं सहासूत्री, मग घटनेतलं ३७१-डी, आणि त्याखाली १९७५ चा राष्ट्रपतींचा आदेश. आंध्र प्रदेशाचे सहा झोन झाले. कारकुनापर्यंतच्या जागांत ८० टक्के, त्यावरच्या अराजपत्रित जागांत ७० टक्के स्थानिकांना. फौजदाराची, म्हणजे सब-इन्स्पेक्टरची जागा या दुसऱ्या गटातली. स्थानिक कोण? आदेशानं मातृभाषा विचारली नाही, शाळा विचारली. दहावीच्या परीक्षेला बसलात ते वर्ष धरून मागची सलग चार वर्षं त्या भागात शिकलात, तर स्थानिक. म्हणून विवेकवर्धिनीत मराठीतून शिकलेला पोरगाही तेलुगू पोराइतकाच इथला. शाळेचं बोनाफाईड लोक उगीच नाही जपत!

पण परिच्छेद १४ मध्ये सूट दिलेल्या जागांची यादी होती. सचिवालय, खातेप्रमुखांची कार्यालयं वगैरे, आणि शेवटी ‘एफ’: हैदराबाद शहर पोलीस कायदा, १३४८ फसलीत ज्याला पोलीस अधिकारी म्हटलंय त्याची जागा. फसली १३४८ म्हणजे साधारण १९३८-३९. निजामाच्या कायद्यातली व्याख्या स्वतंत्र भारताच्या भरती-नियमात येऊन बसली, आणि राजधानीच्या पोलीस भरतीला स्थानिकतेची अट लागू नाही, असा तिचा अर्थ निघाला.

९ ऑक्टोबर २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं हाच अर्थ कायम केला. ‘हैदराबाद फ्री झोन’ हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झाला. तेलंगणात असंतोष आधीचाच होता, पण फौजदारकीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना आता हातात धरायला एक कलम मिळालं. २९ नोव्हेंबरला केसीआर यांचं उपोषण, ९ डिसेंबरला केंद्राची घोषणा. मार्च २०१० मध्ये विधानसभेनं चौदा-एफ काढायचा ठराव केला, २०११ मध्ये ते वगळलं गेलं. तोवर मागणी कलमाच्या फार पुढं गेली होती.

तेलंगण झाल्यावर २०१८ चा नवा आदेश आला. स्थानिकांचा वाटा ९५ टक्के झाला, आणि आता दहावीकडून नाही, पहिली ते सातवीत जास्त वर्षं कुठं शिकलात यावरून ठरतं. आपल्या घरांतून सातवीपर्यंत आजोळी नांदेडला किंवा लातूरला ठेवलेली पोरं काही कमी नाहीत. जुन्या आदेशात, सातवीनंतर इथं येऊन दहावी केली तरी ती स्थानिक ठरायची कारण चार वर्षं भरत नसतील तर सात वर्षांचा रहिवास बघायचे, अशी काहींची समजूत आहे, ती चूक. सात वर्षांतही जास्त काळ कुठं गेला तेच बघत. त्यामुळं आठवी ते दहावी अशी तीनच वर्षं इथली असली, तर तेव्हाही अडचण होती. सहावीपासून इथं आलेला मात्र तेव्हा स्थानिक होता, आज नाही.