गाळलेल्या पाण्यातील अदृश्य मूलद्रव्य

पाणी गाळून व उकळून पिण्याची प्रथा जैन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जीवदयेच्या या आचारामुळे रोगजंतूंपासूनही घराचे रक्षण होते. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील काही भागांच्या भूजलात असे एक मूलद्रव्य विरघळलेले आहे, ज्याला वस्त्र अडवीत नाही आणि अग्नी घालवीत नाही. ते म्हणजे फ्लोरिन.

१८६९ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी आवर्त सारणी मांडली, तेव्हा शुद्ध फ्लोरिन कोणीही पाहिलेला नव्हता. तरीही त्याच्या संयुगांवरून त्यांनी त्यास क्लोरिन, ब्रोमिन व आयोडिन यांच्या कुळात बसविले; जणू माल येण्यापूर्वीच खातेवहीत त्याचे पान उघडले गेले. हा अतिशय क्रियाशील व विषारी वायू वेगळा करण्याच्या प्रयत्नांत बेल्जियमचे लुये आणि फ्रान्सचे निक्लेस प्राणांस मुकले. अखेर २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यांनी प्लॅटिनमच्या उपकरणात विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने तो मुक्त केला. १९०६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

निसर्गात फ्लोरिन सहसा मोकळा आढळत नाही. तो खडकांतील खनिजांत फ्लोराइडच्या रूपाने असतो. दीर्घकाळ खडकांच्या सान्निध्यात राहिलेल्या पाण्यात तो उतरतो. पांढरकवडा परिसरातील भूजलात त्याचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. अल्प फ्लोराइड दातांस हितकारक असते. अधिक झाल्यास वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर कायमचे तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षांच्या सेवनाने सांधे आखडतात.

असे पाणी दिसण्यात व चवीत इतर पाण्यासारखेच असते. उकळल्याने पाण्याची वाफ होते, फ्लोराइड मात्र मागेच राहते. म्हणून विहिरीचे किंवा बोअरचे पाणी प्रयोगशाळेतून तपासून घेणे, हाच पहिला उपाय होय. दोष आढळल्यास दुसरा स्रोत शोधावा किंवा पावसाचे पाणी साठवावे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी व चुना योग्य प्रमाणात वापरून फ्लोराइड कमी करता येते. हे प्रमाण मात्र तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे.

पाणी गाळावे, उकळावे. परंतु त्यापूर्वी ते एकदा तपासावे. मुलांच्या दातांवर उमटलेला डाग मागाहून केलेल्या सावधगिरीने पुसला जात नाही.