विश्लेषण : सुसर गेली तर नेमके काय गमावणार?

जगात हजारो प्राणी नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत, पण संवर्धनासाठी पैसा आणि माणसे मोजकीच. मग आधी कोणाला वाचवायचे? चंबळ नदीतल्या सुसरीच्या (घडियाल) उदाहरणावरून हे समजून घेऊ.

‘एज’ यादी म्हणजे काय?

झूऑलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन या संस्थेने २००७ मध्ये ‘एज ऑफ एक्झिस्टन्स’ हा कार्यक्रम सुरू केला. यात दोन प्रश्न विचारले जातात. प्राणी किती धोक्यात आहे? आणि उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर तो किती एकटा आहे? दोन्हींवरून गुण ठरतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ‘एज’ यादीत सुसरीचा समावेश आहे.

गुण कसे काढतात?

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीसारखा हा हिशेब आहे. वंशवृक्षावरील प्रत्येक फांदीची लांबी म्हणजे उत्क्रांतीची वर्षे. ती त्या फांदीवरच्या सर्व प्रजातींमध्ये समान वाटली जातात. वारसदार जास्त असतील तर वाटा लहान आणि एकच असेल तर सगळी फांदी त्याच्या नावावर. मूळ सूत्रात, नामशेष होण्याचा धोका एका पायरीने वाढला की महत्त्व दुप्पट होते. २०२३ च्या सुधारित पद्धतीत जवळचे नातेवाईक किती संकटात आहेत, हेही मोजले जाते.

सुसर वेगळी कशी?

सिंह, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या हे वाघाचे जवळचे भाऊबंद आहेत. सुसरीचे तसे नाही. तिचा सर्वात जवळचा नातेवाईक म्हणजे आग्नेय आशियातला टॉमिस्टोमा आणि तोही संकटात आहे. लांब, चिंचोळा जबडा खास मासे पकडण्यासाठी घडलेला. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा उंचवटा येतो, त्यावरूनच ‘घडियाल’ हे नाव पडले.

धोका किती खरा आहे?

चीनच्या यांगत्से नदीतला ‘बैजी’ डॉल्फिन हे ताजे उदाहरण. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी नदी पिंजून काढली, पण एकही बैजी दिसला नाही. त्याच्या कुळात दुसरी प्रजातीच उरली नव्हती. म्हणजे एका प्राण्याबरोबर वंशवृक्षाची अख्खी फांदी गेली.

सुसर एकेकाळी पाकिस्तानातील सिंधूपासून म्यानमारमधील इरावतीपर्यंत आढळायची. आता ती मुख्यतः भारत आणि नेपाळमधील मोजक्या नद्यांपुरती उरली आहे. आययूसीएनने २००७ मध्ये तिला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. त्याच हिवाळ्यात, २००७-०८ मध्ये, चंबळमध्ये शंभरहून अधिक सुसरी मेल्या. जगातील सुसरींचा सर्वात मोठा समूह याच नदीत असल्याने हा फटका मोठा होता.

भारताने काय केले?

१९७५ मध्ये मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. नदीकाठची अंडी गोळा करून पिल्ले केंद्रात वाढवायची आणि मोठी झाल्यावर नदीत सोडायची, ही पद्धत. लखनौजवळचे कुकरैल आणि मोरेन्याजवळचे देवरी ही अशी केंद्रे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेले राष्ट्रीय चंबळ अभयारण्यही उभे राहिले. ओडिशात महानदीवरील सातकोसिया येथे २०२१ मध्ये अनेक दशकांनंतर सुसरीची पिल्ले नैसर्गिकरीत्या जन्मली.

मग अडचण कुठे आहे?

अडचण वाळूत आहे. मादी मार्च-एप्रिलमध्ये काठावरच्या उंच वाळूत अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात. बेकायदा वाळूउपशामुळे ही घरटीच नाहीशी होतात. वरच्या भागात गांधीसागर, राणा प्रतापसागर, जवाहरसागर ही धरणे आणि कोटा बॅरेज आहे. त्यामुळे उन्हाळ्यात प्रवाह रोडावतो. सुसरीला खोल, वाहते पाणी लागते. शिवाय मासेमारीच्या जाळ्यात जबडा अडकला की श्वास घेण्यासाठी वर येता येत नाही आणि ती बुडून मरते.

केंद्रात पिल्ले कितीही वाढवली, तरी त्यांना पुढे अंडी घालायला वाळू आणि पोहायला पाणी नदीतच लागणार. ‘एज’ची यादी आधी कोणाकडे पाहायचे एवढे सांगते. सुसरीच्या बाबतीत त्यापुढचे काम चंबळच्या काठावरचा वाळूउपसा थांबवणे आणि उन्हाळ्यात नदीत पुरेसे पाणी सोडणे हे आहे.