उपाशीपोटीची गोळी

चिखली तालुक्यातील उंद्रीसारख्या गावात, सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत, चहाचे आधण ठेवण्यापूर्वी एखादी गृहिणी फळीवरच्या बाटलीतून डाळीएवढी गोळी काढून घोटभर पाण्याबरोबर गिळते, तेव्हा गळ्यातील ज्या फुलपाखरासारख्या थायरॉइड ग्रंथीने देहाचा कारभार मंदावला आहे, तिचीच उणीव ती भरून काढीत असते. थकवा, सूज, रुक्ष त्वचा, बद्धकोष्ठ, वाढते वजन ही लक्षणे इतक्या चोरपावलांनी येतात की घरची माणसे त्यांना ‘कामाचा कंटाळा’ ठरवून मोकळी होतात; हा आरोप, माझ्या मते, रोगाहून अधिक बोचणारा.

1891 साली इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीला सावरले, आणि पुढे 28 वर्षे ती त्या उपचारावर जगली. आजची गोळी कृत्रिम थायरॉक्सिनची. तिचा निम्मा अंश शरीरातून सरण्यास सुमारे 7 दिवस लागतात. म्हणून ‘बरे वाटते’ असे म्हणत गोळी सोडणारास आरंभी काहीच जाणवत नाही, आणि तेथेच फसगत होते. मात्रा बदलल्यावर रक्ततपासणीही 6 ते 8 आठवड्यांनीच करावी.

चहा-न्याहारी गोळीनंतर अर्ध्या ते एक तासाने, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या 4 तासांनी. सोयाबीनच्या या मुलखात एवढे बजावायलाच हवे, की सोयाचे पदार्थ वर्ज्य नसले तरी औषधाचे शोषण घटवतात. आणि गर्भ राहिल्याचे कळताच, ठरलेल्या तारखेची वाट न पाहता, डॉक्टरांना गाठा. त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते.