कोरड्या मुलखातील नौकाकर्म

ज्या शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याची वर्दी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेण्याचा प्रघात पडून गेला आहे, त्या छत्रपती संभाजीनगरात चार स्नेह्यांनी घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये एखादी जुनी यंत्रनौका आणून ती नव्याने उभी करण्याचा घाट घातला, तर ऐकणाऱ्याला प्रथम हसू येणे स्वाभाविक आहे. हसणाऱ्याने मात्र सुमारे पन्नास किलोमीटर दूर पैठणला एकदा जाऊन यावे. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पायाभरणी झालेल्या आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते राष्ट्रार्पण झालेल्या जायकवाडी धरणामागे पसरलेला नाथसागर १५२२ फुटांच्या पूर्ण पातळीस टेकला, म्हणजे पैलतीर दिसेनासा होतो आणि मराठवाड्याला समुद्र नाही हे विधान काही काळ तरी मागे घ्यावेसे वाटते.

पाण्याइतकाच महत्त्वाचा दुसरा ऐवज म्हणजे हुन्नर. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि १९८५ साली वाळूजला सुरू झालेला बजाज ऑटोचा कारखाना यांच्या आश्रयाने या शहरात लेथ, वेल्डिंग, फायबर आणि रंगकाम जाणणाऱ्यांची एक पिढीच्या पिढी तयार झाली. परंतु या कुशल हातांची खोडही तीच आहे: जुनी नौका दारात आली की ते प्रथम इंजिनाचे झाकण उघडतात. वस्तुतः इंजिन हा नौकेचा सर्वांत सहज बदलता येण्याजोगा भाग होय. खरी परीक्षा नजरेआड असलेल्या काष्ठाची असते.

समुद्रापासून दूर राहूनही नौकेचा ध्यास घेता येतो, याचे मराठी उदाहरण जवळचेच आहे. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणाऱ्या व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा संकल्प धरला. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडी गाभ्यावर काचतंतू आणि इपॉक्सी चढवून ५६ फुटांची ‘म्हादेई’ सिद्ध झाली, आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलाच्या स्वाधीन झालेल्या त्याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात ती प्रदक्षिणा पुरी केली. ती नौका शिडाची आणि आपली यंत्राची, हा भेद मान्य. तरीही लाकूड, काचतंतू आणि राळ यांच्या संधीत पाणी शिरू द्यावयाचे नाही, हा धर्म दोहोंचा एकच.

जुन्या फायबरच्या नौकेत हा धर्म बहुधा पिछाडीच्या फळीपाशी बुडालेला असतो. इंजिन जिच्यावर टांगलेले असते ती ही फळी वरून फायबरची दिसली तरी आत प्लायवुडची असते, आणि बोल्टांच्या छिद्रांतून वर्षानुवर्षे झिरपलेल्या पाण्याने ते प्लायवुड कुजून भुसा झालेले असते. छोट्या हातोडीने टकटक करीत जावे. खणखणीत नाद येतो तेथवर ठीक, बद्द आवाज आला की तेथे करवत चालवावी. असे करताना निम्मी नौका कापली जाईल अशी भीती वाटते, पण चार मित्र असण्याचा उपयोग येथेच असतो: एकटा माणूस वरून लेप देऊन मोकळा होतो, चौघांत एखादा तरी खनपटीला बसणारा निघतोच.

कुजके काढल्यावर उरलेले कोरडे होऊ द्यावे, या कामी मराठवाड्याचा उन्हाळा कोकणाहून सरस. जुन्या थराच्या कडा ग्राइंडरने जाडीच्या बारापट लांबीपर्यंत उतरत्या घासल्या, तर नवा थर जुन्यावर पुरेशी पकड घेतो. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आणि परिचित असले तरी जुन्या पृष्ठावर व लाकडावर इपॉक्सीची पकड निःसंशय श्रेष्ठ. मात्र इपॉक्सीबरोबर नेहमीची आखूड तुकड्यांच्या तंतूंची मॅट न वापरता विणलेले कापड घ्यावे, कारण त्या मॅटमधील बंधक पॉलिएस्टरमधील स्टायरीनमध्ये विरघळावा अशाच बेताने घातलेला असतो. वैशाखात भर दुपारी इपॉक्सीचे मिश्रण डब्यातच तापून घट्ट होते, म्हणून काम पहाटे उरकावे. नव्या फळीत बोल्टांसाठीची छिद्रे आधी थोडी मोठी पाडून, इपॉक्सीने भरून, मग त्यातच बोल्टाचे छिद्र पुन्हा पाडावे. या उपद्व्यापाचा आळस ज्याने केला त्याची नवी फळीही जुन्या फळीच्या वाटेने जाते.

यानंतर इंजिनाची पाळी. १९०९ च्या सुमारास अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने टांगत्या इंजिनाला व्यापारी रूप दिले, तेव्हापासून त्याचे तत्त्व फारसे बदललेले नाही. स्थान मात्र बदलले की हिशेब बदलतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके, म्हणून किनाऱ्यावरची नौका येथे किंचित अधिक बुडते. गंजापासून बचावासाठी इंजिनाला लावलेला त्यागी धातूचा तुकडा समुद्रात जस्ताचा चालतो, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा हवा. साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरील विरळ हवेत साध्या इंजिनाची चार-पाच टक्के शक्ती घटते. पूर्ण वेगात इंजिन ठरावीक फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल तर पंख्याची (प्रोपेलरची) पिच कमी करून पाहावी. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर धरणाच्या पोटात गेलेल्या गावांचे चौथरे व झाडांचे बुंधे पृष्ठाजवळ येतात, म्हणून एक जादा पंखा नौकेत बाळगणे श्रेयस्कर.

सजावटीचा मोह मला कळतो, पण गादीचे आसन, संगीत आणि रंगीत दिवे यांचे वजन पुढेमागे कोठे पडते याचा विचार न करता ते सारे जडवले, तर नाळ उचलून पाण्यावर सरकण्याऐवजी नौका पाणी ढकलीत राहते. इंधनाची टाकी व बॅटरी यांची जागा प्रथम ठरवावी, गाद्यांचा तपशील मागाहून.

राहिले दप्तरी सोपस्कार. १९१७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये यंत्रचलित नौकेची तपासणी, नोंदणी आणि विमा आवश्यक ठरतो; शिवाय जायकवाडी हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने तेथे इंजिन चालवण्यासाठी वनखात्याची मंजुरी हवी. ही मंजुरी मिळणे न मिळणे हा पहिला प्रश्न होय, कारण हिवाळ्यात परदेशांहून येणाऱ्या बदकांचा हक्क आपल्या हौसेहून पुरातन आहे. म्हणून इंजिनावर पैसा ओतण्यापूर्वी अर्ज रुजू करावा, आणि नकार आला तर नोंदणीचा विचार दुसऱ्या एखाद्या जलाशयाच्या हिशेबाने करावा. नौका तेथवर ओढून नेणारी ट्रॉली या शहरात कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात बनवून मिळते.